काळ्या दगडावरची 'लाइन'

अजिंठ्याचा घाट उतरून लेण्यांकडे निघालेल्या प्रवाशास फर्दापूरच्या तिठ्यावर थांबावे लागते. या तिठ्याला सारा मुलूख 'टी पॉइंट' म्हणतो. खासगी वाहने येथेच ठेवायची आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचे, अशी व्यवस्था आहे. हिवाळ्यातील रविवारी येथे शाळांच्या सहली, परदेशी पाहुणे, नवविवाहित जोडपी, रंगीत दगड आणि स्फटिक विकणारे विक्रेते यांची एकच दाटी होते. या दाटीत कान उघडे ठेवून तासभर उभे राहिले, तर एक इंग्रजी शब्द किती वेषांत समोरून जातो याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

"लाइन लावा, लाइन!" हे शिक्षक मुलांना ओरडून सांगत असतात. चहाच्या टपरीवर थंड पेय मागणाऱ्यास उत्तर मिळते, "सकाळपासून लाइन नाही, गारच नाही काही." कानाला मोबाइल लावलेला गृहस्थ वैतागून म्हणतो, "लाइनच लागंना." जीपचा चालक आपण गेली कित्येक वर्षे सिल्लोड लाइनवर आहोत असे सांगतो. टपरीच्या आडोशाला उभ्या असलेल्या तीन-चार महाविद्यालयीन तरुणांपैकी एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसून हळूच काही बोलतो आणि सगळे खिदळतात. त्या हळूच बोललेल्या वाक्यातही 'लाइन' असतेच.

रांग, वीज, दूरध्वनीचा संपर्क, वाहतुकीचा मार्ग आणि प्रणयचेष्टा. पाच गोष्टी आणि शब्द एकच. विशेष म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कोणाचाही कोठे घोटाळा होत नाही.

इंग्रजी शब्द मराठीत आले म्हणून खंत करणारे लेखन पुष्कळ झाले आहे. भाषाशुद्धीची चळवळ स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिरीरीने चालविली, माधव ज्यूलियनांनीही त्या बाजूने लेखणी झिजविली, आणि त्या चळवळीने मराठीला कितीतरी सुबक शब्द दिले. परंतु 'लाइन' या शब्दापुढे शुद्धिवाद्याचाही नाइलाज व्हावा. प्रतिशब्द द्यायचा तर एकाने भागत नाही. रांग, ओळ, रेघ, रेषा, तार, वाहिनी, मार्ग, धंदा, शाखा, वशिला अशी यादी द्यावी लागते. आणि ती देऊनही काही उरतेच. कारण मराठी माणसाने हा शब्द केवळ उसना घेतलेला नाही. त्याने तो घरी आणला, त्याला स्त्रीलिंग दिले, 'लायनी', 'लायनीला', 'लायनीवर' अशी विभक्तीची लेणी चढविली आणि त्याच्याकडून इंग्रजांच्या स्वप्नातही नसलेली कामे करवून घेतली.

या शब्दाचे मूळ पाहिले तर एक मौज आढळते. इंग्रजीतील हा शब्द लॅटिन भाषेतील ज्या शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ जवसाच्या धाग्याची दोरी. जवस म्हणजे आपल्या मराठवाड्यातील चटणीचे तेच जवस. त्याच्या झाडाच्या सालीपासून निघणाऱ्या सुताला पाश्चात्त्य 'लिनन' म्हणतात, आणि ते सूत ताणले की जी सरळ आकृती दिसते ती 'लाइन'. आपल्याकडील गवंडी बांधकामावर जी दोरी ताणतो तिला तो 'लाइनदोरी' म्हणतो. म्हणजे दोरीलाच दोनदा दोरी म्हणण्याचा प्रकार झाला. पण गवंड्याला लॅटिनशी काय कर्तव्य? पाया आखताना जमिनीवर फक्कीने जी आखणी करतात तिला 'लाइनआउट' म्हणतात. भिंत उभी सरळ आहे की नाही हे पाहावयाचा ओळंबा मात्र अजून ओळंबाच राहिला आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही.

सूत ताणून सरळपणा पाहण्याची ही कल्पना आपल्या भाषेतही स्वतंत्रपणे रुजलेली होती. वाकड्या माणसास 'सुतासारखा सरळ' करणे हा आपला जुना वाक्प्रचार. आज घरोघरी वडीलधारी मंडळी म्हणतात, "त्याला जरा लायनीवर आणा." दोन्ही वाक्यांमागे ताणलेली दोरीच आहे, फक्त एक सूत कापसाचे आणि दुसरे जवसाचे. आपल्या ज्ञानभांडारांतील जुनी हस्तलिखिते ज्यांनी जवळून पाहिली असतील, त्यांना त्यांतील ओळींचा काटेकोरपणा आठवेल. ती लिहिणारे लहिये एका लाकडी फळीवर समांतर दोरे ताणून बसवीत, कागद त्यावर ठेवून बोटाने दाबीत आणि दोऱ्यांचे वळ कागदावर उमटले की त्या आधाराने अक्षरे लिहीत. गुजरातेत या फळीला 'ओळियुं' म्हणत. दोऱ्यापासून ओळ आणि ओळीपासून अक्षर, हा प्रवास पाश्चात्त्यांनी शब्दात केला आणि आपल्या लहियांनी प्रत्यक्ष फळीवर.

आता फर्दापूरच्या टपरीवरील 'लाइन नाही' याकडे वळू. पुण्या-मुंबईच्या माणसास हे वाक्य प्रथम उमगत नाही. तो म्हणतो, "लाइट गेली." मराठवाड्यातील आणि खानदेशातील शेतकरी म्हणतो, "लाइन गेली." हा नुसता उच्चाराचा फरक नव्हे, दोन जीवनांतील फरक आहे. शहरातील माणसाला वीज दिसते ती दिव्याच्या रूपाने, म्हणून त्याने तिला प्रकाशाचे नाव दिले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढील दोन-तीन दशकांत खेड्यापाड्यांत खांब उभे राहिले. शेतकऱ्याने जी वीज पाहिली ती खांबावरून शिवारात उतरलेल्या तारेच्या रूपाने. त्याला ती दिव्यासाठी हवी होती त्याहून अधिक विहिरीवरच्या मोटारीसाठी हवी होती. म्हणून त्याच्या तोंडी तारेचे नाव बसले. सिल्लोड तालुक्यातील मका, कापूस आणि मिरची पिकविणाऱ्या घरांत दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असतो, "लाइन आली का?" अजिंठा गावातील उर्दू-दखनी बोलणारा शेजारीही तेवढ्याच सहजतेने म्हणतो, "लैन गई."

या एका अर्थाभोवती मग वाक्प्रचारांचा केवढा संसार उभा राहिला! शेतीपंपांना लागणारी थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्यामुळे 'दिवसाची लाइन' आणि 'रात्रीची लाइन' हे शब्द खेड्यात ऋतूंच्या नावांसारखे वापरले जातात. "या आठवड्यात आमची रात्रीची लाइन आहे," असे कोणी म्हटले की त्यास लग्नाचे आमंत्रण स्वीकारता येणार नाही, हे ऐकणारा ओळखतो. बिल थकले तर 'लाइन कट' होते. आकडा टाकून चोरून घेतलेली ती 'डायरेक्ट लाइन'. दाब कमी असला की 'लाइन उतरली' किंवा 'लाइनीत दम नाही'. हा शेवटचा शब्दप्रयोग पुढे माणसांनाही लागू पडतो. मोटार जळावी इतका दाब आला की 'लाइन वाढली'. आणि रात्री दोन वाजता लाइन आली म्हणजे घरातील कर्ता पुरुष, कधी त्याची पत्नीही, कंदील किंवा विजेरी घेऊन बांधाबांधाने चालू लागतात. पाटाच्या ओल्या गवतात साप असतो, विंचू असतो, कधी बिबट्याची वार्ता असते. शहरात बसून 'लाइन गेली' या शब्दाला गावंढळ म्हणणाऱ्याने ती लाइन येते केव्हा, हेही एकदा विचारावे.

सरकारी कागदांत या तारेला 'वाहिनी' असे भारदस्त नाव आहे. उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी, कृषी वाहिनी. २०१७ साली सुरू झालेल्या योजनेचे नावच 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' असे आहे. सूर्यप्रकाशावर वीज तयार करून ती शेतीला दिवसा देणे हा तिचा हेतू. शब्द सुंदर आहे, संस्कृत आहे, अर्थही नेमका आहे. पण तो कागदावरून शिवारात उतरत नाही. पहिल्या अक्षराचा काना निसटला की वाहिनीची वहिनी होते आणि गावातील थट्टेखोर मंडळींना विषय मिळतो, हेही त्यामागील एक कारण असावे. ज्या माणसाने खांबावर चढून तार जोडायची, त्यास वीज कंपनी 'जनमित्र' म्हणते. गाव त्याला 'लाइनमन'च म्हणते आणि तो नसला की 'आमचा लाइनमन कुठं गेला' अशी त्याची आठवणही आपुलकीने काढते. या लाइनमनच्या कामात मात्र शब्दांची थट्टा चालत नाही. 'लाइन बंद आहे' आणि 'लाइन चालू आहे' या दोन वाक्यांत एका माणसाच्या जिवाचे अंतर असते. म्हणून वीज बंद केल्याची पक्की खातरजमा, ज्याला ते 'परमिट' म्हणतात, ती झाल्यावाचून खांबावर चढू नये असा त्यांचा दंडक आहे.

शब्द येथे आला कसा, याचे उत्तर एकपदरी नाही. अजिंठा हे गाव घाटमाथ्यावर, आणि घाट उतरून थोडे पुढे गेले की पूर्वी निजामाचे राज्य संपून इंग्रजांचा खानदेश लागे. दोन राज्यांची सरहद्द येथून हाकेच्या अंतरावर होती. इंग्रजी शब्दाला या मुलखात प्रथम आणले ते फौजांनी, असे मानावयास जागा आहे. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली. असई येथून फार लांब नाही. त्या लढाईतील इंग्रजांकडील जखमींसाठी अजिंठ्याच्या कोटात इस्पितळ केले होते. पलटणीच्या बराकींना इंग्रज 'लाइन्स' म्हणत. त्यावरून पुढे गावोगाव 'पोलीस लाइन' आणि शहरोशहरी 'सिव्हिल लाइन्स' झाल्या. छत्रपती संभाजीनगरात किंवा जळगावात 'लाइनीत राहतो' म्हटले की पोलिसाचे घर असा अर्थ आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे.

त्यानंतर आली आगगाडी. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली आणि पुढे तोच लोहमार्ग खानदेशातून जळगाव-भुसावळकडे गेला. निजामाच्या मुलखात मनमाडहून औरंगाबादमार्गे सिकंदराबादकडे जाणारा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. अजिंठ्याच्या अधिक जवळ आली ती पाचोरा-जामनेर ही अरुंद मार्गाची छोटी गाडी. तिला सारा परिसर 'पीजे' म्हणे. तिच्या पहूर स्थानकावर उतरून लेण्यांकडे जाणारे पाहुणे एकेकाळी पुष्कळ असत. या गाड्यांनी मराठीला 'लाइन क्लिअर' दिली. पुढील स्थानकापर्यंतचा मार्ग मोकळा असल्याची ती रीतसर परवानगी; ती हाती आल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. आज मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असता वडिलांनी होकार दिला की मामा हळूच म्हणतो, "चला, लाइन क्लिअर!" गाडी रुळावर येणे, रुळावरून घसरणे, हिरवा कंदील मिळणे हे सगळे त्याच काळातील सोयरे. मराठीने आगगाडीतून जितके वाक्प्रचार उतरवून घेतले तितके मोटारीतून घेतले नाहीत, हे नमूद करावेसे वाटते.

व्यापारी घरांत या शब्दाने वेगळेच बिऱ्हाड थाटले. आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांत हा अर्थ रोजच्या बोलण्यातला आहे. "कोणत्या लाइनीत आहात?" या प्रश्नाचे उत्तर किराणा, कापड, सोने-चांदी, हार्डवेअर असे येते. तीन पिढ्या एकाच पेठेत काढलेला वडील मुलाने नोकरी धरली की म्हणतो, "पोराने लाइन बदलली." त्या तीन शब्दांत अभिमान किती आणि खंत किती, हे त्या घरातील माणसालाच कळते. भल्या पहाटे वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाची ठरलेली गल्ली ती त्याची 'लाइन'. तो आजारी पडला तर दुसऱ्याने त्याची लाइन टाकायची. एसटीत अचानक चढून तिकिटे तपासणारे ते 'लाइन चेकिंग'वाले. आणि कार्यालयात काम अडले असता कोणी म्हणतो, "काळजी करू नका, आपली वरपर्यंत लाइन आहे." येथे लाइन म्हणजे वशिला. वशिल्यासारखा काहीसा ओशाळवाणा शब्द टाळून हा तांत्रिक शब्द घेतला की बोलणाऱ्याला संकोच वाटेनासा होतो, ही या शब्दाची एक कामगिरी म्हणावी लागेल.

वधूवरांच्या परिचयपत्रात तर तो हटकून असतो. 'मुलगा मेडिकल लाइनमध्ये' असे वाचले की चौकशी करणे भाग पडते. कारण तो शस्त्रवैद्य असू शकतो, औषधांचा प्रतिनिधी असू शकतो किंवा गावातील औषधांच्या दुकानाचा मालकही असू शकतो. तिन्ही उद्योग मानाचेच, पण विहीणबाईंना आधी नेमके कळलेले बरे. दहावीचा निकाल लागला की घरोघरी 'सायन्स लाइन घ्यायची की कॉमर्स' या चर्चेला तोंड फुटते. या ठिकाणी शब्दाचा मूळ गुण थोडा बाधतो असे वाटते. शाखा म्हटले की एकाच वृक्षाच्या अनेक फांद्या डोळ्यांपुढे येतात आणि एकीवरून दुसरीवर जाता येईल असे वाटते. लाइन म्हटले की आगगाडीचा रूळ दिसतो. एकदा चढले की उतरता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला 'तुझी लाइन चुकली' असे सुनावणाऱ्या वडिलांनी हा फरक मनात आणावा.

लाइनीला लागणे, हा वाक्प्रचार फारच विलक्षण. 'काम लाइनीला लागले' म्हणजे मार्गी लागले, चांगले झाले. 'पोरगा भलत्याच लाइनीला लागला' म्हणजे बिघडला. शब्द एक, फळे दोन. मधला 'भलत्या' हा शब्द कोणी गाळला तरी आवाजाच्या उतारावरून ऐकणाऱ्याला कळते. मराठीत 'मार्गी लागणे' चांगले आणि 'नादी लागणे' वाईट अशी स्वच्छ वाटणी आहे. लाइनने दोन्ही खाती स्वतःच्या नावावर करून घेतली.

आता टपरीच्या आडोशाला खिदळणाऱ्या त्या तरुणांकडे यावे लागेल. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात हा विषय टाळण्याचा मोह होतो. पण तो टाळल्याने तो शब्द घरात यायचा थांबत नाही, कारण तो आधीच आलेला आहे. पाचवी-सहावीच्या वर्गात शिक्षिका म्हणतात, "वहीच्या डाव्या बाजूला लाइन मारून घ्या," आणि मागच्या बाकावर हशा पिकतो. बिचाऱ्या बाईंना समास आखायचा असतो. पट्टी-पेन्सिलीने रेघ मारणे एवढा जो साधा अर्थ होता, तो हिंदी बोलीने आणि चित्रपटांनी इतका व्यापून टाकला की आता शिक्षक सावधपणे 'समास आखा' म्हणू लागले आहेत. त्यानिमित्ताने एक चांगला मराठी शब्द वर्गात परतला, हा त्यातल्या त्यात लाभ.

'लाइन मारणे' म्हणजे मुलीने लक्ष द्यावे म्हणून तिच्यामागे घोटाळणे, टक लावून पाहणे, वाटेत उभे राहणे. 'लाइन देणे' म्हणजे तिच्याकडून प्रतिसाद मिळणे. या जोडीतील खरी मेख दुसऱ्या शब्दात आहे. मुलगा लाइन मारतो, हे जणू त्याचे खेळणे. मुलगी लाइन देते, हा तिच्यावरचा आरोप. मुलगी बसथांब्यावर मैत्रिणीशी बोलताना हसली, कोणाला वेळ विचारली, वही परत दिली, एवढ्यावरूनही गावात 'ती लाइन देते' असे उठते. बोलणारा विसरून जातो. ऐकणारे विसरत नाहीत. ते वाक्य चार दिवसांत तिच्या घरी पोहोचते आणि पुष्कळदा त्याचा शेवट एकाच निर्णयात होतो: उद्यापासून शाळा बंद. मराठवाड्यातील अनेक तालुक्यांत मुलींना माध्यमिक शाळेपर्यंत नेण्यासाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या धावतात; मुलींना एसटीचा मोफत पासही आहे. शासनाने गाडी दिली, पास दिला आणि एका उडत्या शब्दाने ती मुलगी पुन्हा चुलीपाशी बसली, असे घडते तेव्हा त्या शब्दाला केवळ तरुणांची बोली म्हणून सोडून देता येत नाही.

कायद्याने या प्रकारातील पुष्कळ भाग हसण्यावारी नेण्याजोगा ठेवलेला नाही. स्त्रीने नापसंती स्पष्ट दर्शविल्यानंतरही पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करणे, संपर्क साधत राहणे, तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून दंडनीय गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ७८ व्या कलमात आहे. त्या कलमात 'लाइन' शब्द नाही. पण ज्या वर्तनाला कट्ट्यावर हा हलकाफुलका शब्द आहे, त्यातील बऱ्याच वर्तनाला कायद्याचा तो जड शब्द लागू पडतो, हे मुलांना घरातच सांगितलेले बरे. आणि मुलींना नव्हे, मुलांना सांगावे. मुलींना सांगून झालेलेच असते.

बस लेण्यांपाशी येते. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आणि त्यात एका ओळीत कोरलेली सुमारे तीस लेणी. येथे ओळ हाच शब्द योग्य वाटतो. 'लेण्यांची लाइन' असे म्हणवत नाही. तिकिटाच्या खिडकीपाशी लाइन असते, पण पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात अनवाणी आत गेल्यावर अंधुक प्रकाशात पद्मपाणी बोधिसत्त्वाची ती झुकलेली भुवई दिसली की तिला लाइन म्हणणारा मराठी माणूस विरळा. ती रेषाच. भाषा आपोआप उंबरठ्याबाहेर चपला काढते.

चित्रकलेच्या जाणकारांनी अजिंठ्याचे श्रेष्ठत्व रेषेत पाहिले आहे. मातीच्या गिलाव्यावर पांढरा हात देऊन त्यावर तांबूस-तपकिरी रेषेने आकृती आखायची, मग रंग भरायचे आणि अखेरीस गडद रेषेने आकृतीला पुन्हा उठाव द्यायचा, अशी ती रीत. ही रेषा पकडण्यासाठी किती जणांनी आयुष्ये वेचली! रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात येथे आला आणि वर्षानुवर्षे नकला करीत राहिला. त्याची बहुतेक चित्रे लंडनमधील क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत गेली. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह हंगामामागून हंगाम येथे काढले. पेस्तनजी बमनजी हे त्यांच्यातील एक. त्यांच्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. त्यानंतर लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार ही बंगालची तरुण मंडळी आली. निजाम सरकारचे पुरातत्त्व संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० पासून अजिंठ्यावरचे खंड काढले. कागदावरील आणि कापडावरील रेषा जळाल्या, भिंतीवरील राहिल्या.

आणि एक रेघ अशी आहे की जी कोणालाच नको होती. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील एका खांबावर, चित्राच्या अंगावरच, आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. लेणी जगापुढे आणल्याचे श्रेय इतिहास त्याला देतो. त्या ओरखड्याबद्दल काय द्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढील दोनशे वर्षांत त्याचे अनुकरण करणारे पुष्कळ निघाले. 'काळ्या दगडावरची रेघ' असा आपला एक वाक्प्रचार आहे. न पुसणारी, न बदलणारी गोष्ट असा त्याचा अर्थ. या काळ्या पाषाणाच्या मुलखात तो वाक्प्रचार अक्षरशः डोळ्यांपुढे उभा राहतो. चोविसाव्या क्रमांकाचे लेणे अपुरे राहिले आहे. तेथे दगड फोडताना टाकीने पाडलेले सरळ, समांतर चर आजही दिसतात. दीड हजार वर्षांपूर्वी हातोडा खाली ठेवला गेला आणि रेघ तेवढी राहिली. आजवर कोणी 'काळ्या दगडावरची लाइन' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. एवढी एक जागा त्या शब्दाला मिळालेली नाही.

तथापि एक लाइन या दगडापाशी येऊ घातली आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या आठ नव्या रेल्वेमार्गांना मंजुरी दिली, त्यांत जालना-जळगाव हा १७४ किलोमीटरचा मार्ग आहे आणि त्यायोगे अजिंठ्याची लेणी रेल्वेच्या जाळ्याशी जोडली जातील असे त्या वेळी सांगण्यात आले. बातमी आली त्या दिवसापासून या पट्ट्यात 'लाइन' शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. चावडीवर, बाजारात, देवळाच्या ओट्यावर विचारले जाते, "लाइन कोणाकोणाच्या रानातून जाणार?" ज्याच्या जमिनीवरून जाणार त्याला मोबदल्याचा हिशेब आणि वडिलोपार्जित विहिरीची हुरहूर, ज्याच्या बांधाशेजारून जाणार त्याला गुंठ्याचा भाव वाढण्याची आशा, टी पॉइंटवरील टपरीवाल्याला ही काळजी की स्थानक दुसरीकडे झाले तर गिऱ्हाईक इकडे वळेल की नाही. 'लाइनीत गेली' हा प्रयोग तर आता जमिनीविषयी होतो. पूर्वी तो मुलाविषयी होत असे, पोलिसांत भरती झाला की.

संध्याकाळी लेणी बंद होतात आणि शेवटची बस तिठ्यावर परतते. सहलीच्या मुलांना शिक्षक पुन्हा एकदा मोजून घेतात, लाइन लावूनच. टपरीवर एकाएकी दिवा लागतो, शीतपेटी घरघरू लागते आणि घाटाच्या अलीकडच्या मक्याच्या रानातून कोणीतरी कोणाला तरी हाक मारून सांगते, "आली रे लाइन, मोटार टाक!"